पलीकडच्या वाळूवरची राखण

"काम आहे गं, खाली ये!"

आत्यांची ही हाक आमच्या जिन्याच्या तळाशी उठायची. त्या कधी वर चढून येत नसत. एक हात भिंतीला टेकवून, मान वर करून एकदाच हाक मारायच्या. दुसरी हाक नाही. आणि तुम्ही त्या वेळी कणीक मळत असा नाहीतर केस विंचरत असा, पाय आपोआप चपलांत जायचे. काय काम, कुठे, किती वेळ, हे खाली उतरल्यावर कळायचं. बऱ्याचदा असंही कळायचं, की काम असं काही नव्हतंच.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, भेटायच्या माणसांची यादी, आठवड्याच्या भाज्यांची यादी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेने माझी बदली बनारसला केली, तेव्हा घरच्यांना सांगलीलाच ठेवून मी एकटी आले ती ट्रंकेवर यादी चिकटवूनच. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत एका मराठी घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. सामान लावून झाल्यावर मी नव्या गावाचीही यादी केली. त्यात एक काम होतं: गल्लीतल्या बायकांना सकाळी फिरायला न्यायचं.

कारण तुम्ही ती गल्ली पाहायला हवी होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. ऊन वरच्या मजल्यांच्या कठड्यांपर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं. बायका दिवसभर दिवे लावलेल्या स्वयंपाकघरात. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाला झोप येत नव्हती, कोणाला उगाच रडू येत होतं. घाटाच्या पायऱ्या चार पावलांवर, त्यांच्यापलीकडे एवढी मोठी नदी, नदीपलीकडे मैलभर मोकळी वाळू, आणि या बायका कोंदट जिन्यांवरून वरखाली करत आयुष्य काढत होत्या.

मी तिथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावर सूचना लावली. "महिलांसाठी प्रभातफेरी. आरोग्यासाठी चाला." सगळ्यांनी कौतुक केलं. कितीतरी जणींनी नावंही दिली. ठरलेल्या सकाळी देवळाच्या दाराशी मी एकटी उभी होते, पायात नवे कॅनव्हासचे बूट घालून. नळाला पाणी त्याच वेळी येतं, दूधवाला त्याच वेळी येतो, सासूबाईंचा चहा त्याच वेळी असतो. कारणं सगळी खरी होती.

आत्या फुलांची परडी घेऊन देवळातून बाहेर येत होत्या. नऊवारी, पांढरे केस, अंगाने काटकुळ्या. माझ्या बुटांकडे बघत थांबल्या.

"कुठे निघालीस गं, बँकवाली?"

"चालायला."

"कुठे?"

"कुठे नाही. नुसतंच. सगळ्या जणी येणार होत्या."

"नुसतंच?" त्यांना खरोखर हसू आलं. "अगं, नुसतं कोण चालतं? बाई घराबाहेर पडते ती कामाला. तब्येतीला कोणी पडत नाही. मजेला तर बिलकुल नाही. त्यांना काम दे, मग बघ कशा धावतात."

त्या आमच्या शेजारच्याच घरात राहायच्या. लहानपणी तिथेच वाढल्या, लग्न होऊन ग्वाल्हेरला गेल्या, काही वर्षांतच कपाळ पुसून परत आल्या, ते घर भावाचं झालं तरी तिथेच राहिल्या. भावाच्या मुलाने 'आत्या' म्हटलं म्हणून सगळी गल्ली 'आत्या' म्हणू लागली. त्यांच्या मराठीत छत, धूप, परेशान, जल्दी असे शब्द इतके सहज येत, की सांगलीहून आलेल्या मला सुरुवातीला गंमत वाटायची आणि नंतर माझ्याही तोंडी तेच बसले.

त्यांनी बायकांना दिलेलं काम म्हणजे वाळवण.

उन्हाळ्यात आपल्याकडे पापड्या, कुरडया, सांडगे घालतात, तशा बनारसच्या मराठी घरांतही घालत. पण गल्लीत ऊन नाही, आणि छतावर ऊन आहे तर तिथे माकडं. बनारसची माकडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना जास्त सांगायला नको. आमच्या गल्लीतली टोळी तर अशी शिस्तीची, की बायका कुरडया घालून खाली उतरायच्या आणि ती पलीकडच्या छतावरून उतरायची. कोणी काठी घेऊन बसलं तर एक माकड त्याला दात दाखवत गुंतवून ठेवायचं आणि बाकीची मागून काम उरकायची.

"पलीकडे नेऊ या," आत्या एका दुपारी सगळ्यांना म्हणाल्या. "वाळूवर बंदर नाहीत. धूप म्हणशील तेवढी."

"कुरडया नावेतून न्यायच्या?" शेजारच्या कमळावहिनींनी विचारलं.

"मग काय पोहत जातील?"

पहाटे चीक शिजवला. पितळेचं पातेलं गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीला सांभाळावं तसं सांभाळत पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरून उतरवलं. शिजवलेला साबुदाणा, सोऱ्या, जुनी लुगडी, विटांचे तुकडे. यादी अर्थातच माझी. बचाऊ नावाचा मल्लाह नाव लावून वाट बघत होता. आत्यांना तो बुआ म्हणायचा. आमचा तो लवाजमा बघून म्हणाला, "का हो बुआ, आज पापड़ो गंगा नहाई?"

"नहाई, नहाई," आत्या म्हणाल्या. "तू चला मुकाट्याने."

नाव मध्यावर आली तेव्हा गुडघेदुखीने बेजार असलेल्या शांताकाकूंनी नावेची कड घट्ट धरली. घाटाजवळ जन्म गेला होता त्यांचा. सकाळी आंघोळीला रोज याच पाण्यात उतरत होत्या. पण नदीच्या मधोमध त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मागे वळून सगळा काठ एकदम बघितल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, आपलं गाव असं वाकडं आहे?"

वाळूवर लुगडी अंथरली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, कुरडया पाडल्या, पळीने पापड्या घातल्या. आणि मग काम संपलं. वाळेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. घरी असं कधी होत नाही, एक काम संपायच्या आत दुसरं समोर येतं. इथे दुसरं काम नदीपलीकडे राहिलं होतं. बायका थोडा वेळ अवघडून बसल्या. मग कोणीतरी चपला काढल्या. कोणीतरी पाण्याच्या कडेकडेने चालत खूप लांब गेली आणि लांबून हात हलवला. कमळावहिनी वाळूवर सरळ उताण्या पडल्या, डोळ्यांवर पदर घेतला आणि चक्क झोपल्या. झोप येत नाही म्हणून गोळ्या घेणारी बाई. उन्हं चढायच्या आत शांताकाकूंनी पदर खोचला आणि लंगडी घातली. गुडघ्यांचं दुखणं कुठे गेलं, मी विचारलं नाही.

आरोग्य हा शब्द त्या दिवशी कोणाच्या तोंडून आला नाही.

दुपारकडे पछवा सुटला. पश्चिमेकडून येणारा हा वारा गावात कळत नाही, वाळूवर मात्र कळतो. आम्ही धावत जाईपर्यंत ओल्या पापड्यांवर वाळूचा थर बसला होता. सगळ्या जणींनी फुंकर मारली, पदराने टिपलं, "काही होत नाही, तळताना झडेल" म्हणत डबे भरले. झडली नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत ज्याच्या घरी जाल तिथे पानात पापडी यायची, दातांखाली कच्च वाजायचं, यजमानीण छताकडे बघायची आणि पाहुणाही छताकडे बघायचा. आत्यांना मी विचारलं तर म्हणाल्या, "गंगेची वाळू आहे. आवाज न करता खा."

पुढच्या खेपेपासून ओल्या साड्यांचे आडोसे केले. पण जायचं बंद करू या, असं एकही बाई म्हणाली नाही. चैत्रातला प्रत्येक रविवार बायका बोटीत.

मला वाटलं, आत्यांची युक्ती पूर्ण यशस्वी झाली. मग हळूहळू लक्षात आलं, की ही सगळी नाव ज्या एका माणसासाठी लावलेली होती, तो माणूस अजून काठावरच होता.

आत्यांच्या घराच्या पहिल्या मजल्यावर गल्लीकडची खोली दादांची होती. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. संस्कृत पाठशाळेत शिकवून निवृत्त झालेले, घाटावर सगळे त्यांना गुरुजी म्हणत. थंडी असो, ताप असो, पहाटे गंगेत आंघोळ हा त्यांचा नेम होता. मी बनारसला यायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको गेली आणि नेम सुटला. सुरुवातीला घाट सुटला, मग देऊळ, मग जिना. आता ते खोलीतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसत. आंघोळीचं पाणी वर जाई, जेवण वर जाई. डॉक्टर म्हणाले, रोज चाललं नाही तर पाय धरतील, मग उचलून न्यावं लागेल. जुने विद्यार्थी येऊन पाया पडत आणि म्हणत, गुरुजी, जरा बाहेर चला. लखनौहून मुलगा येई आणि रागावे. दादा कोणाशीही वाद घालत नसत. फक्त विचारत, "कशासाठी?"

या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर होतं, मुलाकडे होतं. पण ती उत्तरं दादांना माहीतच होती.

आत्या सल्ला देत नसत. त्या दाराशी उभ्या राहून काम सांगत.

"दादा, वाळूवर कावळे फार झालेत. राखणीला माणूस नाही."

"बचाऊला सांग."

"तो नावेत घोरतो."

दादा भिंतीकडे वळत. आत्या खाली येत, आणि मग थोडा वेळ आमच्या जिन्याच्या पायरीवर बसत. अशा वेळी त्या कोणाला हाक मारत नसत. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसायची.

"वहिनी असती तर तिने हाताला धरून नेलं असतं," एकदा म्हणाल्या. "मी बहीण. मला धरवत नाही. बोलावता येतं फक्त."

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुटीत दादांचा मुलगा आला. चांगला मुलगा, कामाचा. बायका वाळवण घेऊन बोटीतून जातात हे ऐकून त्याला वाईट वाटलं. त्याने दोन माणसं बोलावली आणि छतावर लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा उभा केला. दार, कडी, सगळं. माणूस आत उभा राहील एवढी उंची. गल्लीतल्या सगळ्यांना वापरता येईल असा. "आता आत्या, पलीकडे जायची गरजच नाही," तो म्हणाला आणि लखनौला गेला.

मी स्वतः तो पिंजरा बघून खूश झाले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. असं नेटकं काम मला आवडतं. बायकांनीही वाहवा केली. त्या रविवारी बचाऊ नाव लावून बसला आणि कोणीच उतरलं नाही. काम छतावरच होत होतं, मग पलीकडे जायचं कशासाठी? दादांचाच प्रश्न सगळ्या गल्लीने उचलला होता, फक्त कोणी मोठ्याने विचारला नव्हता.

त्यानंतरच्या एका दुपारी मी माझ्या छतावर कपडे वाळत घालत होते. आमची आणि आत्यांची छतं लागून, मध्ये कमरेएवढा कठडा. आत्या पिंजऱ्यापाशी उभ्या होत्या. इकडे तिकडे बघितलं, कडी काढली, दार सताड उघडलं. मग पदराखालून दोन केळी काढून उंबऱ्यावर ठेवली.

"आत्या!"

त्या दचकल्या नाहीत. "हळू बोल. काम चाललंय."

"अहो, पण आत पापड्या आहेत."

"माझ्याच आहेत. गेल्या सालच्या, वाळूवाल्या. बाकीच्यांचं सामान सकाळीच खाली नेलंय." त्या कठड्याशी आल्या. एरवी इतकं सरळ त्या कोणाशी बोलत नसत. "हे बघ बँकवाली, बायका नसतील तर नाव जाणार नाही. नाव गेली नाही तर राखणीचं काम उरणार नाही. आणि मग दादाला बोलवू कशासाठी? तो वर बसल्या बसल्या संपून जाईल गं. मला रोज दिसतंय. आज त्याने भात अर्धा टाकला."

मग त्या खाली गेल्या. मी चिमटे हातात धरून उभी.

माकडं यायला वेळ लागला नाही. पिंजऱ्यात शिरून त्यांनी जो दणका उडवून दिला, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. त्याच्या वरताण आत्यांचा आवाज जिन्यातून येत होता: "अरे देवा, सगळं गेलं! दादा, सगळं गेलं रे! कोणी आहे का घरात!" नाटकात काम केल्यासारखं रडत होत्या. पण जिन्याच्या मधल्या वळणावर दादांची पावलं वाजली तेव्हा तो आवाज एकदम थांबला.

दादा छतावर आले, मागोमाग आत्या. उघडे, खांद्यावर पंचा, हातात काठी. उन्हाने डोळे मिटून घेतले होते. किती महिन्यांनी ते उघड्यावर उभे होते कोण जाणे. काठी कठड्यावर आपटून त्यांनी असा आवाज काढला, की वर्गातली पोरंही गप्प झाली असती. टोळी पळाली. एक थोराड माकड तेवढं कठड्यावर थांबलं. त्याने हातातली पापडी तोंडात घातली, चावली, थांबलं, बाहेर काढून नीट निरखली आणि आत्यांकडे असं काही बघितलं, की दादांना हसू फुटलं. बायको गेल्यापासून त्यांना हसताना कोणी ऐकलं नव्हतं. आत्यांनी पटकन पाठ फिरवली आणि पदराने पिंजरा पुसायला लागल्या.

"पिंजरा कुचकामी आहे," त्या तशाच म्हणाल्या. "पलीकडेच जावं लागणार."

दादांनी काठी कठड्याला टेकवली.

"पण तिकडे कावळे. बायका बोलत बसतात. आणि मला आता लांबचं दिसत नाही."

"मी जिना उतरेन," दादा म्हणाले. "चढता येईल की नाही माहीत नाही."

"चढायचं संध्याकाळी बघू. काम सकाळचं आहे."

रविवारी ते उतरले. एका हातात काठी, दुसरा भिंतीला. आत्या दोन पायऱ्या पुढे, पण वळून बघत नव्हत्या. पंचगंगेच्या उंच पायऱ्यांवर ते तीनदा बसले. दरवेळी आत्यांना काहीतरी विसरल्याचं आठवत होतं, म्हणून सगळ्यांनाच थांबावं लागत होतं. घाटावर जुनी ओळखीची माणसं होती. कोणी "गुरुजी!" म्हणून उठलं, कोणी नुसते हात जोडले. बचाऊला बोलायची सवय, पण त्या दिवशी त्याने आपलं उपरणं काढून फळीवर घडी करून ठेवलं आणि वल्ही हातात घेतली. नदीच्या मध्यावर दादांनी हात खाली सोडला. बोटांवरून पाणी जात होतं. आत्या दुसरीकडे बघून सोऱ्याची चकती पुन:पुन्हा पुसत होत्या.

वाळूवर दादा मांडी घालून बसले, काठी आडवी मांडीवर. कुरडया पडल्या. सगळ्या बायका श्वास रोखून कावळ्यांची वाट बघू लागल्या. एकही कावळा येईना.

"कुठे आहेत कावळे?" दादांनी थोड्या वेळाने विचारलं.

"येतील ना," आत्या म्हणाल्या, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी चिकाचा गोळा हळूच पाठीमागे लांब फेकला.

मग कावळे आले. दादा उठले, काठी उगारून धावले. धावले म्हणण्यासारखं नव्हतं, पण पाय उचलत होते, वाळूत रुतत होते, पुन्हा उचलत होते. शांताकाकू "इकडे दादा, इकडे!" म्हणून ओरडत होत्या. थोड्या वेळात ते घामाने निथळले आणि चेहऱ्यावर रंग आला. एका कावळ्याने तेवढ्यात डाव साधला. कडेच्या लुगड्यावरची एक कुरडई चोचीत धरली. दादा अगदी जवळ होते. काठी वर गेली होती. ती त्यांनी तशीच खाली घेतली.

"दादा, राखण करतोस ना?" आत्या म्हणाल्या.

"नेऊ दे," ते कावळा जाई त्या दिशेने बघत म्हणाले. "तिला कुरडई आवडायची."

नंतर ते पाण्याकडे गेले, कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि बराच वेळ उभे राहिले. आत्यांनी त्यांचा पंचा घडी करून मांडीवर घेतला, काठी हातात घेतली आणि त्यांच्या वतीने राखणीला बसल्या. लांबचं दिसत नाही म्हणणारी ती बाई भावावरची नजर काढत नव्हती.

संध्याकाळी जिना चढायला दादांना खूप वेळ लागला. पण चढले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. रोजची पहाटेची आंघोळ परत सुरू झाली नाही. नुसतं फिरायला चला म्हटलं, की तोच प्रश्न यायचा. काम असलं तरच दादा उतरत. वाळवण तर चैत्रापुरतं; मग पुढे काय? आत्या माझ्याकडे आल्या. "तुला यादी करता येते ना? मग कर."

मी केली. कामांची इतकी समाधान देणारी यादी मी बँकेतही कधी केली नसेल. नदीचं पाणी उतरलं की गोधड्या पलीकडे धुवायच्या आणि वाळूवर वाळवायच्या. थंडीत गहू, डाळी, पलंगाच्या गाद्या उन्हात घालायच्या. काठच्या वाड्यांतून ककड्या, खरबूज आणायचे, तेही वजन करून घ्यायला दादा हवेत म्हणून. बचाऊ म्हणायचा, "बुआ, पूरा घर पार करा दोगी, बस दीवार रह जाएगी." त्या काळात आमच्या गल्लीत जितक्या गोधड्या धुतल्या गेल्या तितक्या बहुधा साऱ्या बनारसात धुतल्या गेल्या नसतील. आणि यादीतलं कुठलंच काम कोणाला खोटं वाटलं नाही. गोधड्या खरंच स्वच्छ झाल्या होत्या.

एकदा वाळूवर बसलो असताना मी आत्यांना विचारलं, "आत्या, दादांचं समजलं. बायकांचं समजलं. तुम्ही स्वतः कशासाठी येता?"

त्या पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. हात कपाळावर आडवा धरला होता.

"ती बघ आपली खिडकी. निळी. दिसली?" मला शोधायला वेळ लागला. "एवढीशी दिसते ना? तिथे बसलं की वाटतं जग तेवढंच आहे, आणि सगळं आपल्याच डोक्यावर आहे. इथून बघितलं की वाटतं, बस, एवढुसंच तर आहे. मग परत जायला हरकत वाटत नाही."

थोडं थांबून म्हणाल्या, "पण हे बायकांना सांगू नकोस. त्यांना सांग गोधड्या आहेत."

आत्या गेल्या पुढच्या वर्षीच्या श्रावणात. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, मग उठल्याच नाहीत. नदी चढलेली होती. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, पलीकडची वाळू पाण्याखाली. आम्ही सगळ्या त्यांच्या जिन्यावर बसून होतो आणि कोणालाच काही काम नव्हतं.

हिवाळा तसाच गेला. गोधड्या कोणी धुतल्या नाहीत. यादी माझ्याकडे होती, पण ती वाचून दाखवायचा धीर मला झाला नाही. दादांची खोली पुन्हा बंद असायची. चैत्र आला तरी त्या वर्षी कोणी चीक शिजवला नाही. शांताकाकू म्हणाल्या, "या साली बाजारातून आणू." माझ्या बदलीचा कागदही तेव्हाच आला. मी ट्रंक काढली आणि यादी चिकटवली.

निघायच्या आधीच्या रविवारी मी सामान बांधत होते. जिन्याच्या तळाशी काठीचा आवाज झाला. मग आवाज आला, घोगरा, सवय नसलेला.

"काम आहे. खाली ये."

मी उतरले. दादा उभे होते. एक हात भिंतीला, काखेत घडी केलेली चादर, पिशवीत विटांचे तुकडे.

"कसलं काम, दादा?"

"राखणीचं."

"कशाच्या? या वर्षी कोणी काही घातलं नाही."

ते घाटाकडे चालू लागले. मी मागून. बचाऊ नावेत बसला होता. त्याने नाव सोडली. आम्ही पलीकडे गेलो. दादांनी आत्या अंथरायच्या त्याच जागी चादर अंथरली, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि काठी मांडीवर घेऊन बसले. चादरीवर काहीच नव्हतं. मी थोड्या अंतरावर बसले. पलीकडची निळी खिडकी शोधली. सापडली.

थोड्या वेळाने दुसरी नाव लागली. कमळावहिनी उतरल्या, मागोमाग शांताकाकू. कोणी सांगितलं, कोणास ठाऊक. छतावरून दिसलं असेल. त्या येऊन बसल्या. कोणी चादरीकडे बोट दाखवलं नाही.

मग पछवा सुटला. रिकाम्या चादरीवर वाळू सरकत आली, सुरकुत्यांत साचली. दादा उठले, विटा बाजूला केल्या आणि चादर झटकायला लागले. एकट्याने ती झटकली जात नव्हती. एक टोक वर जाई, दुसरं वाळूत लोळे. त्यांनी दोनतीनदा करून बघितलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बसलीस काय? दोन माणसांचं काम आहे. धर ते टोक."

मी उठले आणि टोक धरलं.